रडणारी खुर्ची

मी फ्लेक्स लावायला गेलो तेव्हा लख्ख ऊन होतं. भीती नव्हती. राग मात्र होता.

चंद्रपूर-मूल रोडला जंगलात एक वळण आहे. मोनालीबाई तिथे गेली. चंद्रपूरच्या एका कंपनीचं फोनवरचं काम ती घरून करायची. ऑफिसात या, असा हुकूम आला आणि पहिल्याच दिवशी ट्रकने तिची स्कूटी उडवली. तेव्हापासून येणारा-जाणारा तिथे हिरवी डहाळी टाकतो. जिथे माणूस मेलं, त्या जागी पाला टाकल्याशिवाय आमच्याकडे कोणी पुढे जात नाही.

माझी बहीण रिना त्याच कंपनीत. मोनालीनंतर कोणी घर सोडेना, म्हणून कंपनीने हसवायचं ठरवलं. फ्लेक्सवर चाकांची खुर्ची, डोळ्यांतून धारा, आणि खाली: ‘घरी बसून बूड जड झालं का? खुर्ची तुमच्यासाठी रडून राह्यली!’

कंपनीचे मार्केटिंगवाले प्रफुल सर गाडीतून उतरले. “इथीच लाव. गाड्या हळू होतात.”

“सर, इथी मोनालीबाई...”

“मालूम आहे. काटक्या हटव.”

मी हात लावला नाही. “सर, हे हसाची जागा नाई.”

“दहावी नापास तू, मले मार्केटिंग शिकवतो?”

त्यांनी बुटानेच ढीग उडवला. वरचा पाला वाळलेला होता, खालचा मात्र ओला, हिरवाकंच. भर उन्हाळ्यात. त्याचा वास घशात बसला. ड्रायव्हरने बांबू ठोकले. पाखरं गप्प झाली, आणि डांबरावरून काहीतरी सरकल्यासारखं वाटलं... चाकं... कुर्र, कुर्र.

सर डहाळी न टाकताच गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात रिसेप्शनवर बसणाऱ्या उर्वशीचा रिनाला फोन आला. सरांच्या खुर्चीवर हिरवी डहाळी सापडली होती. सर चपराशावर ओरडले. जेवून आले तर तिथे दुसरी. तिसरा मजला, बंद काचा. संध्याकाळी सर त्याच खुर्चीत गेले. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

मी जाऊन तो फ्लेक्स टराटरा फाडला.

काल सरांच्या जागी आलेल्या नव्या मॅडमने तीच रडकी खुर्ची कंपनीच्या ग्रुपवर टाकली. उद्यापासून सगळ्यांनी या, आणि पुढे हसण्याची चित्रं. माणूस मेलं, दुसरं मेलं, यांचं हसणं काही थांबलं नाही!

आज सकाळी रिना डबा भरायला लागली. मी आयुष्यात पहिल्यांदा घरात ओरडलो.

“नाई जायचं! इथीच बस आपल्या खुर्चीवर!”

“अन् नोकरी गेली तं? तुह्या फ्लेक्सवर घर चालते का, दादा?”

“मी पाहून घेतो. तू बस फक्त.”

तिने डबा आपटला. मग हळूच म्हणाली, “बरं. बसतो. लॅपटॉप लाव.”

मला बरं वाटलं. मी तिच्या टेबलाजवळ गेलो.

खुर्चीवर हिरवी डहाळी होती. आत्ताच मोडलेली; देठातून पाणी गळत होतं. आमच्या गल्लीत एकही झाड नाही.

“दादा,” स्वयंपाकघरातून रिनाचा आवाज आला, “खुर्ची काऊन सरकवून राह्यला? चाकं कुरकुर करून राह्यले.”

मी हातही लावला नव्हता. आणि आमची खुर्ची प्लास्टिकची आहे. तिला चाकं नाहीत.