शेवटच्या बाकापुढचं शून्य

धुकं त्या दिवशी दुपारचे बारा वाजले तरी हटलं नव्हतं. खिडकीखालचा रस्ता पांढऱ्यात बुडाला होता. माणसांच्या पावलांचा आवाज आधी यायचा, माणसं मागाहून दिसायची. दार वाजलं तेव्हा भाऊजींना वाटलं, स्वप्नातच वाजलं. तसे ते झोपलेच होते.

दार वहिनींनी उघडलं. त्या खासगी तपासनीस, पण सगळं शहर त्यांना वहिनीच म्हणे. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, पत्ते तोंडपाठ, बाकी सगळं डोक्यात उशिरा पोचणारं.

दारात पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई उभ्या होत्या. बोटांना खडू लागलेला.

"माझी वही चोरीला गेली."

"बसा. कसली वही?"

"निरीक्षणाची. दिवसा मी शाळेत शिकवते, संध्याकाळी शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला जाते. वर्षभर दर बुधवारी रजा टाकून एका वर्गात मागे बसले. शिक्षक कोणत्या मुलाला किती प्रश्न विचारतात, ते मोजलं. आज चारला तोंडी परीक्षा आहे. मूळ वही नसेल तर परीक्षक प्रबंध हातात घेणार नाहीत. आणि आज हुकलं की माझी नोंदणीच संपते. सात वर्षं पाण्यात!"

"वर्ग कोणाचा?"

"ते विचारू नका. नाव बाहेर येणार नाही असा मी शब्द दिलाय. वहीतसुद्धा फक्त बाकांचे क्रमांक आहेत."

"अहो, पण मग चोर कसा..." भाऊजी सुरू झाले.

"भाऊजी, चपला घाला," वहिनी म्हणाल्या.

अध्यापक महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर अभ्यासिका होती. धुकं तिथेही आत आल्यासारखं वाटत होतं, पण तो खडूचा भुगा होता, उजेडात सावकाश तरंगणारा. कुठल्याशा वर्गातून कोणीतरी काहीतरी पाठ म्हणत होतं. शब्द कळत नव्हते, चाल तेवढी येत होती.

"एकेका मुलाची वेगळी बेरीज मी काल संध्याकाळी पहिल्यांदाच केली, या फळ्यावर," बाई म्हणाल्या. "शेवटच्या बाकावरच्या एका मुलापुढे शून्य आलं. वर्षभरात एकही प्रश्न नाही! मला घामच फुटला. खाली जाऊन चहा घेतला. दहा मिनिटांत वर आले, तर वही गायब आणि फळा कोरा."

"शून्याचं कोणाला बोललात?"

"अजून कोणालाच नाही. मार्गदर्शकांनाही नाही."

वहिनी फळ्याजवळ गेल्या. वरच्या कडेपासून तळापर्यंत फिकट, सरळ पट्टे उमटले होते.

"काय नीट पुसलाय!" भाऊजींनी मनापासून दाद दिली.

काल त्या वेळी मजल्यावर तिघेच होते. कारकून बाहेर सूचनाफळा पुसत होता. भांडं घासावं तसा त्याचा हात गोल गोल फिरत होता.

"मला कशाला हवी वही? इथे आहेत त्याच आवरता आवरत नाहीत."

मार्गदर्शक आपल्या खोलीत प्रबंधांच्या ढिगामागे बसले होते. "वही गेली तर नाक माझंच कापलं जाणार," ते कुरकुरले. मग भाऊजींना म्हणाले, "ती वरची फाईल जरा काढता? खांदे धरलेत. सहा महिने झाले, दोन्ही हात वर जात नाहीत."

तिसरे गणिताचे सर. दुसऱ्या शाळेतले, बाईंच्याच तुकडीत शिकणारे. ते जिन्याच्या खिडकीतून धुक्याकडे बघत होते.

"वहीबद्दल मला काही माहीत नाही. बाई फार कष्टाळू आहेत. पण वर्गात मागे बसून मोजणं सोपं असतं हो. एखादं पोर तोंडच उघडत नाही, वर्षभर कोपऱ्यात गप्प. त्यात मास्तरांचा काय दोष?"

"अगदी खरं!" भाऊजी म्हणाले.

वहिनी त्यांच्याकडे बघून हसल्या, आणि साडेतीनला सगळ्यांना अभ्यासिकेत बोलावलं.

"कारकूनच," भाऊजी कुजबुजले. "किल्ल्या त्याच्याकडे असतात."

"खोली उघडीच होती, भाऊजी." मग त्या सगळ्यांकडे वळल्या. "चोराने वही उचलावी आणि पळावं. हा मात्र थांबून फळा पुसत बसला. म्हणजे वहीइतकंच त्याला फळ्यावरचं खुपत होतं. आणि पुसला कसा? वरून खाली, सरळ. गोल पुसलं की धूळ उडते, हे शिक्षकांना प्रशिक्षणातच शिकवतात. चोरी करतानाही हात वळणावरच गेला. कारकून गोल पुसतात. मार्गदर्शकांचे हात तिथवर पोचत नाहीत."

"हे सगळे अंदाज झाले," गणिताचे सर म्हणाले.

"हो. पुरावा तुम्हीच दिलात. गप्प बसणाऱ्या पोराचा विषय मी काढला नव्हता. बाईंनी कोणाला सांगितला नव्हता. शून्य होतं ते फक्त या फळ्यावर. आणि फळ्यावर तरी काय होतं? बाकाचा क्रमांक. तिथलं पोर तोंड उघडत नाही, हे त्याच्या शिक्षकाशिवाय कोणाला माहीत असणार?"

सरांनी पिशवी उघडली. वही काढून बाईंपुढे ठेवली.

"बाईंचं नुकसान करायचं नव्हतं मला. मीच तर त्यांना वर्गात बसू दिलं. मला वाटायचं, मी चांगला शिकवतो."

बाईंना राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. पण चार वाजत आले होते. वही घेऊन त्या चालू लागल्या.

तोंडी परीक्षा खुली होती. सगळे मागे जाऊन बसले. बाहेरून आलेले परीक्षक वहीची पानं उलटत गेले. शेवटच्या बाकावरच्या एका मुलापुढे प्रत्येक पानावर रकाना रिकामाच होता.

"शून्य? वर्षभर? मला नाही पटत. कोणाचा वर्ग हा?"

"सांगता येणार नाही, सर. शब्द दिलाय."

"मग हे आकडे तुम्ही घरी बसून लिहिले नाहीत कशावरून? मी सही कशी करू?"

बाईंचा चेहरा उतरला. तरी त्यांनी नाव घेतलं नाही. सात वर्षं समोर बुडताना दिसत होती.

मागे खुर्ची सरकली. "वर्ग माझा आहे," गणिताचे सर म्हणाले. "आकडे खरे आहेत."

परीक्षकांनी चष्मा काढला. "तो मुलगा बोलतच नाही का?"

"मी तसंच सांगत आलो, सर. पण खरं म्हणजे मला माहीत नाही. मी त्याला कधी काही विचारलंच नाही."

परीक्षकांनी कागद पुढे ओढला आणि सही केली. बाई सगळ्यांसमोर रडल्या, आणि डोळे पुसायचं त्यांना सुचलं नाही.