शालीच्या टोकाच्या गाठी

मंगळवारी दुपारी शरयूताई खांबेटे यांच्या आयुष्यातली चाळीस मिनिटं सरकारी नियमानुसार काढून घेण्यात आली आणि त्या बदल्यात त्यांना एक कप चहा मिळाला. चहाही पाणचटच होता.

कॅनडाच्या गहू पिकवणाऱ्या मैदानी मुलुखातल्या ग्रेनफोर्ड गावी इलायस प्रॉक्टर या चोवीस वर्षांच्या मुलावर खुनाचा खटला चालू होता. त्याने मोटेलला आग लावली आणि त्यात मालक जळून मेला, असा आरोप होता. बारा जणांच्या ज्यूरीत शरयूताई चौथ्या खुर्चीवर होत्या. कऱ्हाडहून येऊन तीस वर्षं त्यांनी इथल्या गोदामात धान्याची प्रत तपासली होती. मूठभर दाणे बघून रेल्वेच्या अख्ख्या वाघिणीबद्दल बोलायची त्यांना सवय होती, पण माणसाबद्दल तसं बोलायला त्या धजत नसत.

पूर्वी एखादा पुरावा घ्यावा की नाही असा वाद निघाला, की ज्यूरीला बाहेर पाठवत आणि खटल्याच्या पोटात एक छोटा खटला चाले. कबुलीजबाब आरोपीने आपखुशीने दिला की पोलिसांनी धाकदपटशाने घेतला, हे न्यायाधीश एकटेच ठरवत. त्यात दिवस जायचे. आता ज्यूरी सगळं ऐके आणि पुरावा बाद ठरला तर क्षालन होई. खुर्चीच्या डोकेपट्टीतून बारीक गुणगुण येई आणि ऐकलेलं पुसलं जाई. विरजण लावलेलं भांडं हलवलं की दही लागत नाही, तशी ताजी आठवणही सहा तासांच्या आत हलवली तर मेंदूत लागत नाही, असं त्यांना पहिल्या दिवशी समजावलं होतं. क्षालन झाल्याचं स्वतःला कळत नाही, कोर्टाचा अधिकारी सांगेल तेव्हाच कळायचं. हा अधिकारी मोठ्या अभिमानाने म्हणाला होता की यंत्र आल्यापासून एकही ज्यूरी फुटलेली नाही, प्रत्येक खटल्यात बाराच्या बारा जणांचं एकमत झालं आहे. हे कसं होतं, ते मात्र त्याने सांगितलं नव्हतं.

मंगळवारचा चहा पिताना शरयूताईंच्या हाताला शालीच्या टोकाशी गाठ लागली. विसरू नये म्हणून पदराला गाठ मारायची आईची सवय त्यांनी परदेशात शालीवर आणली होती. ही गाठ दुहेरी होती. गोदामात चांगल्या नमुन्याच्या पिशवीला त्या साधी गाठ मारत, आणि सडक्या, भेसळीच्या पिशवीला दुहेरी. म्हणजे त्या पुसलेल्या चाळीस मिनिटांत आपण काहीतरी ऐकलं आणि ते आपल्याला सडकं वाटलं, एवढंच त्यांना समजलं. गाठ त्यांनी सोडली नाही.

गुरुवारी सकाळी दहाला ज्यूरी विचार करायला बंद खोलीत गेली. फोन आणि घड्याळं बाहेर जमा झाली होती. मधोमध डोनटचा खोका ठेवला होता. ज्यूरीचे प्रमुख वेंडेल हार्टविग हे निवृत्त शाळामास्तर होते. त्यांनी हात वर करायला सांगितले. दोषी म्हणून अकरा हात वर गेले.

शरयूताईंनी एकेकाला कारण विचारलं. पेट्रोलचा डबा कोणाचा ते ठरलं नव्हतं, आणि एकमेव साक्षीदाराने मुलाला पाठमोरं पाहिलं होतं. हे सगळ्यांनाच मान्य होतं. तरी एक नर्स म्हणाली, त्या पोराकडे पाहिलं की तिच्या अंगावर काटा येतो. एका ट्रकवाल्याचे तळहात घामेजले होते. का, ते दोघांनाही सांगता येईना.

तेव्हा शरयूताईंना ते उमगलं आणि त्या मनातून घाबरल्या. यंत्राने मंगळवारी शब्द नेले होते, पण शब्दांनी उठवलेली भीती अंगातच राहिली होती. बाद झालेला पुरावा या खोलीत बसून मत देत होता, आणि आता त्याची उलटतपासणी कोणीच करू शकत नव्हतं.

"आपण शपथ घेतली आहे," त्या म्हणाल्या. "कोर्टात सिद्ध झालं तेवढ्यावरच ठरवायचं. मला वाजवी शंका आहे. मी दोषी म्हणणार नाही."

"मिसेस खांबेटे, तुमच्या एकटीमुळे सगळं अडेल," वेंडेल शांतपणे म्हणाले. "आत्ता कुठे तासभर झालाय. नाहीच जमलं तर न्यायाधीशांना चिठ्ठी पाठवू."

हे लक्षात ठेवायलाच हवं, म्हणून शरयूताईंनी शालीचं टोक हातात घेतलं. तिथे चार दुहेरी गाठी होत्या.

त्यांनी पुन्हा मोजल्या. मंगळवारची एक, ती मळून घट्ट झालेली. बाकीच्या तीन ताज्या, अजून सैलसर. बुधवारी कोर्टाला सुट्टी होती, आणि आज सकाळी शाल घडी करून खांद्यावर टाकली तेव्हा एकच गाठ होती, हे त्यांना स्वच्छ आठवत होतं. त्यांनी डोनटचा खोका ओढून उघडला. आत दोनच उरले होते. कोणी खाल्ले, असं विचारल्यावर सगळे एकमेकांकडे पाहू लागले. भूक कोणालाच नव्हती. आणि सकाळी दारापाशी असलेलं ऊन आता समोरच्या भिंतीवर चढलं होतं.

या खोलीतल्या खुर्च्यांनाही डोकेपट्ट्या होत्या. ज्यूरी अडली की न्यायाधीशांनी तिला पुन्हा नव्याने विचार करायला सांगायचं, ही जुनीच रीत. ती आता किती नव्याने होते, ते शरयूताईंना कळून चुकलं.

"आपण हे आधी तीनदा बोललोय," त्या म्हणाल्या. त्यांनी शाल टेबलावर पसरून गाठी दाखवल्या आणि त्यांचा अर्थही सांगितला. मी प्रत्येक वेळी नाही म्हणाले असणार, आणि मी हो म्हणेपर्यंत कोर्ट आपल्या आठवणी पुसत राहणार, असंही सांगितलं.

ट्रकवाल्याने आपले ओले तळहात पाहिले. वेंडेल गाठींवरून बोट फिरवत म्हणाले, "हे ऐकताना मला तुमचं पुढचं वाक्य आधीच माहीत होतं."

"मग तुम्ही माझ्या बाजूने आहात का?"

ते उत्तर द्यायला वळले, पण तेवढ्यात दारावर टकटक झाली. चिठ्ठी कोणी पाठवलीच नव्हती. डोकेपट्ट्यांतून बारीक गुणगुण सुरू झाली. शरयूताई उठायला गेल्या, पण पाय हलेनात. बोटं तेवढी चालत होती. पाचवी गाठ मारताना त्यांच्या डोळ्यांपुढे इलायसची आई आली. ती रोज पहिल्या रांगेत हातमोजे चुरगाळत बसायची. शालीचं दुसरं टोक वेंडेलनी मुठीत धरलं होतं, आणि त्यांची बोटं अडखळत पहिल्यांदाच गाठ मारायला शिकत होती.

थोड्या वेळाने या खुर्चीत एक बाई डोळे उघडेल आणि आत्ता कुठे तासभर झाला असं तिला वाटेल. शालीच्या दोन टोकांना दोन वेगळ्या हातांच्या गाठी तिला सापडतील. पण मूठभर दाण्यांत एक सडका ओळखणाऱ्या त्या बाईला, तोवर नाही म्हणण्याचं बळ उरलेलं असेल का?