क्ष राहतो कुठं?

क्षयरोगावरच्या पुस्तकामुळं कुणाचं जमल्याचं ऐकलंय तुम्ही? नाही ना. मग ऐका.

बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. तिसरी 'ड'ला शिकवणारी बाई वाचनालयातल्या कपाटापुढं मांडी घालून बसली होती आणि बसल्या बसल्या एक गुन्हा करत होती. 'पुस्तके हलवू नयेत' ही पाटी तिनं वाचली होती, पण 'क'च्या खणात 'क्ष'नं सुरू होणारं पुस्तक बघून तिला राहवलं नाही. क्षयरोगावरचा तो जाडजूड ठोकळा तिनं उपसला, छातीशी धरला आणि 'ह'च्या पलीकडं, अगदी शेवटच्या खणाकडं निघाली.

"कुठं घेऊन चाललात ते?" मागून आवाज आला. हळूच आला, कारण वाचनालयात भांडायचं तरी हळूच भांडावं लागतं.

ग्रंथपाल उभा होता. चष्मा डोक्यावर, पेन्सिल कानावर, आणि शर्टाच्या बाहीला वाळलेला डिंक.

"घरी पोचवतेय," ती म्हणाली. "चुकीच्या खणात होतं."

"ते घरीच होतं."

"ह, ळ, क्ष, ज्ञ. 'क्ष' शेवटी येतो. माझ्या तिसरीतल्या पोरांनाही माहीत आहे."

"वर्णमाला म्हणताना शेवटी. पण फोडून बघा – क् आणि ष. जन्म 'क'च्या घरातला. आमच्या इथला कोशही तसंच मानतो."

"माझ्याकडचा कोश शेवटी मानतो."

"म्हणजे कोशांचंच आपसात पटत नाही," तो म्हणाला आणि त्यानं पुस्तकाचं दुसरं टोक धरलं. "मग तुमचं-माझं कसं पटायचं?"

खरं सांगायचं तर दोघंही बरोबर होते. काही कोशांत 'क्ष' 'क'मध्ये नांदतो, काहींत शेवटी वेगळी चूल मांडतो. पण बरोबर असलेली दोन माणसं भांडायला लागली की देवही मध्ये पडत नाही. क्षयरोगाची दोन टोकं धरून ते दोघं बराच वेळ तसेच उभे राहिले. त्याचे डोळे हसरे आहेत हे तिनं पाहिलं, आणि पाहिलंच नाही असं दाखवलं.

"कुठल्या वर्गाला शिकवता?"

"तिसरी 'ड'."

"अच्छा... ढ तुकडी," तो बोलून गेला, आणि लगेच त्यानं जीभ चावली.

सगळी शाळाच तसं म्हणायची. अ, ब, क – आणि मग 'ढ'. ज्यांना वाचायला वेळ लागतो, ज्यांचे पालक शाळेच्या पायऱ्या चढायला बिचकतात, ती सगळी पोरं या तुकडीत. बाईनं पुस्तक सोडलं.

"'ड' आणि 'ढ'मधला फरक कळत नसेल, तर कपाटं कशाला लावता?" ती म्हणाली आणि छत्री न उघडताच बाहेर पडली.

वास्तविक ती आली होती पोरांसाठी वाचनालयाचं कार्ड मागायला. इतर तुकड्यांना कार्डं होती. 'ड'ला नव्हती, कारण मागं एकदा या पोरांनी इथं पुस्तकांचा किल्ला बांधला होता. समितीचे अध्यक्ष, एक निवृत्त वकील, तेव्हापासून त्या वर्गाचं नाव काढलं तरी कपाळाला आठ्या घालायचे.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल आपण होऊन शाळेत आला. त्यानं अध्यक्षांचं मन वळवलं होतं, पण अटीवर. येत्या शनिवारी वर्गातल्या प्रत्येक मुलानं एक पुस्तक कुणाच्याही मदतीशिवाय जागेवर लावायचं. सगळ्यांना जमलं तर सगळ्यांना कार्ड. एकजण जरी चुकला तर कुणालाच नाही.

"कालच्या बोलण्याची भरपाई का ही?" तिनं विचारलं.

"सुरुवात समजा," तो म्हणाला. "शिकवायला मदत लागली तर मी आहे."

"लागणार नाही," ती म्हणाली. तरी तो दुपारी शेवटच्या बाकावर येऊन बसलाच, गुडघे हनुवटीला टेकवून.

तिनं फळ्यावर 'अकारविल्हे' असा शब्द लिहिला. एका मुलीनं वाचला आणि विचारलं, "बाई, अकरा विळे कशाला हवेत?"

मागून खुदकन हसू आलं. बाईनं डोळे वटारले. कुणाकडं, ते पोरांना बरोबर कळलं.

मग खेळ सुरू झाला. प्रत्येकाच्या गळ्यात एक शब्द, आणि शब्दांनी आपली रांग आपण लावायची. 'कमळ' आणि 'करवत' यांची पहिल्या नंबरासाठी ढकलाढकली झाली.

"पहिलं अक्षर सारखं आलं तर भांडायचं नाही," बाई म्हणाली. "दुसऱ्याला विचारायचं. म आधी की र?"

"म," सगळे ओरडले. 'कमळ' ऐटीत पुढं झालं.

"आणि 'पिशवी' नि 'पीठ'?"

"ऱ्हस्व आधी, दीर्घ मग. पिशवी पुढं."

एकटी गोगलगाय तेवढी रांगेबाहेर राहायची. तिला हे नाव वर्गानं लाडानं दिलेलं. सगळ्यांची वही मिटली की तिची उघडायची. ती रांगेतल्या एकेका शब्दाला बोट लावत यायची, ओठांतल्या ओठांत पुटपुटायची आणि मग आपल्या जागेवर शिरायची. उशीर व्हायचा, पण जागा कधी चुकायची नाही.

"ही मुलगी ग्रंथपाल होणार," तो म्हणाला.

"त्याहून मोठी होईल," बाई म्हणाली. आपल्या पोरांचं कौतुक कुणी केलं की तिची मान अशी ताठ व्हायची, की बघत राहावं. आणि तो बघत राहिला.

तो रोज येऊ लागला. एकदा वर्ग सुटल्यावर फळा पुसता पुसता म्हणाला, "चहा... घेऊ या का कुठं?"

"चहा 'च'चा. आमचं अजून 'ग'पर्यंतच झालंय."

"मग थांबतो. मध्ये एक 'घ' तेवढा आहे. 'ङ'ला तर शब्दच नाही."

"मोठी आशा आहे तुम्हाला."

"ती 'आ'ची. ती केव्हाच येऊन बसलीय," तो म्हणाला. तिनं पाठ फिरवली, पण खडूनं माखलेल्या हातानं गाल झाकायला गेली आणि गाल पांढरा करून घरी गेली.

शेजारणींनी कानावर घातलंच होतं; आईनं दारातच ओळखलं. "कोण गं तो पुस्तकवाला?"

"कुणी नाही. हट्टी आहे. 'क्ष' 'क'मध्ये ठेवतो."

"आणि तू काय कमी हट्टी आहेस? नाक जरा खाली घे, बाई. एवढं वर धरलंस तर समोरचा दिसायचा कसा?"

ते तिला लागलं. रात्रभर नाही म्हणत, पण जेवताना आमटीत मीठ दोनदा घालण्याइतकं लागलं. वाचनालय त्याचं, कपाटं त्याची. आपण पोरांना शिकवलं 'क्ष' शेवटी. आपल्या हट्टापायी एखादं पोर चुकलं तर सगळ्या वर्गाचं कार्ड जाणार, आणि 'ढ' हे नाव कायमचं चिकटणार. शुक्रवारी तो फिरकला नाही. ती वर्गात उभी राहिली आणि म्हणाली, "वाचनालयात 'क्ष' 'क'मध्ये राहतो बरं का. आणि 'ज्ञ' 'ज'मध्ये."

"पण बाई, तुम्हीच तर..."

"काहींना दोन घरं असतात. मी दुसरं सांगितलं होतं." एवढं म्हणून ती फळा पुसायला वळली.

शनिवारी पालक भिंतीला टेकून उभे राहिले. वकीलसाहेब स्वतः ढिगातून पुस्तकं उचलून पोरांच्या हातात देत होते. एकेक पोर गेलं, लावून आलं. एकही चुकलं नाही. वकीलसाहेबांच्या कपाळावरची एकेक आठी उलगडत होती. शेवटी राहिली गोगलगाय. तिच्या हातात आला क्षयरोगाचा ठोकळा.

ती 'क'च्या खणाकडं गेली. बोट फिरत गेलं – क्रिकेट, क्रीडांगण, क्वचित... आणि पुढं एकदम 'ख'. 'क्ष'चं एकही पुस्तक तिथं नव्हतं.

बाईनं ग्रंथपालाकडं पाहिलं, तर त्याचाच चेहरा उतरलेला. पोरगी 'क'कडं का गेली, हे त्याला कळेना.

"चला, मी म्हटलंच होतं," वकीलसाहेब घड्याळ बघत म्हणाले.

"तिला वेळ द्या," ग्रंथपाल म्हणाला. "वाचनालयाला कसली घाई?"

गोगलगाय पुस्तक मांडीवर घेऊन खाली बसली. तिनं विचार केला. मग उठली आणि ख, ग, घ करत, एकेका खणाला बोट लावत, भिंतीच्या टोकापर्यंत चालत गेली. 'ह' ओलांडला. तिथं कोपऱ्यात 'क्षमा' नावाची एक कादंबरी होती आणि तिच्या शेजारी 'क्षेत्रफळ'. तिनं दोघांना बोटांनी फाकवलं आणि मध्ये क्षयरोग बसवला. म, मग य, मग मात्रा.

"बरोबर," वकीलसाहेब चकित होऊन म्हणाले. "पण मग आधी तिकडं का गेलीस गं?"

"बाई म्हणाल्या, तो तिकडं राहतो. पण तिकडं त्याची माणसंच नव्हती." तिनं श्वास घेतला. "मग मी माणसं शोधली. माणसं असतील तिथंच घर असतं ना?"

वकीलसाहेबांनी खिशातून पेन काढलं आणि पहिलं कार्ड तिच्या नावानं लिहायला घेतलं. "तुकडी कुठली?"

"ड," ग्रंथपाल म्हणाला. इतक्या मोठ्यानं म्हणाला, की वाचत बसलेली सगळी माणसं वर बघायला लागली. "तिसरी 'ड'."

बाईचा ऊर भरून आला. पोरांनी तिला गराडा घातला, पालक जवळ आले, आणि गोगलगायीची जी आई शाळेची पायरी चढायला बिचकायची तिनं मुलीचं कार्ड उलटंसुलटं करून सगळ्यांना दाखवलं. आपला वर्ग, ही आपली पोरं, असं त्या दिवशी बाईनं समोर येईल त्याला सांगितलं.

पोरं गेली. दोघं त्या कोपऱ्यापाशी उरले.

"तुम्ही हलवलीत पुस्तकं?" तिनं विचारलं.

"काल. तुमच्या पोरांना शेवटी सापडावीत म्हणून. आणि तुम्ही त्यांना..."

"'क'मध्ये शोधायला शिकवलं. तुमचं वाचनालय म्हणून."

दोघं तोंडावर हात ठेवून हसले. दोन शहाण्यांनी मिळून पोरांना बुडवलंच असतं.

"परत नेऊ 'क'मध्ये?"

"राहू दे. माणसं इथं आहेत त्याची."

त्यानं डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाला, "त्या दिवशी मी 'ढ' म्हणालो... माफ करा."

"'माफ' तिकडं, 'म'मध्ये. इथं उभं राहून 'क्षमा' म्हणतात." तिनं कादंबरीकडं बोट केलं. "केली. 'ड' म्हणालात तेव्हाच केली."

त्यानं कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. "मला... दोन शब्द लावून द्याल? 'मी' आणि 'तुम्ही'."

"सोपं आहे. आधी 'तुम्ही', मग 'मी'."

"आणि मध्ये 'तू' घातला तर?"

ती थबकली. खिडकीवर पाऊस वाजत होता. "ऱ्हस्व आधी, दीर्घ मग," ती सावकाश म्हणाली. "आधी 'तुम्ही', त्यानंतर 'तू'."

"म्हणजे 'तुम्ही'नंतर 'तू'वर यायला नियमाची हरकत नाही."

"नाही. पण एक शब्द विसरलात."

"कुठला?"

"'आपण'."

"तो कुठं येतो?" त्यानं विचारलं.

"ग्रंथपाल असून विचारता? सगळ्यांच्या आधी." तिनं मान ताठ ठेवूनच त्याच्याकडं पाहिलं, आणि या वेळी समोरचा तिला नीट दिसला. तिनं छत्री उचलली, उघडली आणि अर्धी त्याच्या बाजूला धरली.

"चल," ती म्हणाली. "'चहा'च्या आधी तोच येतो."