अर्धी पायरी

मिस्त्रीने बाईंच्या जिन्याला टेप लावला आणि तो जिना करणाऱ्या सुताराचा मनातल्या मनात उद्धार केला. मधोमध पावलांनी खोलगट झालेल्या आठ पायऱ्या. काही अठरा सेंटीमीटर उंच, काही बरोबर निम्म्या.

बाई पियानो शिकवायच्या आणि त्यांना दिसत नव्हतं. मागच्या महिन्यात रस्त्यावर भराव पडला, मूळच्या बारांपैकी खालच्या चार पायऱ्या डांबराखाली गेल्या. तेव्हापासून बाई सातव्या पायरीवर दोनदा पडल्या होत्या. भाच्याने बजावलं होतं, शनिवारी स्वतः येऊन बघणार. जिना धड नसेल तर मावशीची रवानगी वृद्धाश्रमात.

"सगळ्या सारख्या करून टाकतो," मिस्त्री म्हणाला.

"मग मी पहिल्याच दिवशी मान मोडून घेईन. बसा इथे."

बाईंनी त्याचं घट्टे पडलेलं बोट धरून पांढऱ्या पट्ट्यांवर सी पासून वर चढवलं. पूर्ण, पूर्ण, अर्धी. पूर्ण, पूर्ण, पूर्ण, अर्धी. हा सी मेजर. त्यांच्या वडिलांनी जिना याच मापाने करून घेतला होता आणि तो बाईंच्या पायांना पाठ होता. मग त्यांनी बोट पाचव्या पट्टीवर, जी वर ठेवलं आणि पुन्हा चढायला सांगितलं. सहा सूर सुरळीत गेले. सातव्यावर मिस्त्री अडखळला. तेही बसल्या जागी, पायात.

"सी ते एफ, चार पायऱ्या पुरल्या. आता जिना जी पासून सुरू होतो," बाई म्हणाल्या. "सातवा सूर, वरचा एफ, अर्धी पायरी वर घ्या. ती काळी पट्टी."

त्याने घेतली, आणि आठवा सूर उंबरठ्यासारखा समोर आला. तीस वर्षांत एकाही इंजिनिअरने त्याला जिना इतका स्वच्छ समजावला नव्हता. आणि या बाईंनी तर तो पाहिलेलाही नव्हता.

दोन दिवसांत त्याने सातवी पायरी नऊ सेंटीमीटर उचलली. बाकीच्यांना हात लावला नाही. शेवटी बाईंनी पहिल्या पायरीवर पेन्सिलने शार्पची, म्हणजे सूर अर्धी पायरी चढवण्याची, खूण काढायला लावली. दोन उभ्या रेघा, दोन तिरक्या.

"सातवीवर काढू ना? उचलली तर ती आहे."

"सुरुवातीला एकदाच काढायची. मग प्रत्येक एफला लागू. वरचा असो, खालचा असो."

गुरूशी वाद कोण घालणार? त्याने काढली.

शनिवारी सकाळी भाचा आला. त्याने मावशीला तीनदा वरखाली करायला लावलं. बाई अशा उतरल्या की मिस्त्रीला टोपी काढावीशी वाटली. भाचा स्वतःही चढून पाहून आला, कुठेच न अडखळल्यामुळे जरासा हिरमुसला, "बरं, राहा मग इथेच," म्हणाला आणि पहिल्या पायरीवरून रस्त्यावर पाऊल टाकताच सपशेल तोंडावर पडला.

मिस्त्री धावला.

पहिल्या पायरीला लागून डांबर वर आलं होतं. तडा नाही, भेग नाही. जिन्याइतकी रुंद, काटकोनात कापल्यासारखी एक पट्टी. भाचा आला तेव्हा ती नव्हती.

त्याने टेप लावला. नऊ.

"कितीने?" वरून बाईंनी विचारलं.

तो महिन्याभरापूर्वीच्या त्या डांबराकडे बघत होता. पट्टी मधोमध गुळगुळीत झिजली होती, पावलांनी खोलगट झाली होती.