फेरतपासणी

बाटलीतल्या पाण्याला अगदी फिकट नारिंगी छटा होती, आणि झाकण उघडताच संत्र्याचा गोडसर वास आला.

“हे पाणी आहे की सरबत?” मी विचारलं.

“नळाचंच पाणी आहे. बाटली मित्राच्या वाढदिवसाची...” खिडकीपलीकडचा तरुण खजील झाला. “धुतली होती हो!”

“हा नमुना बाद.”

“आणि मी?”

मी नोंदवहीत डोकं घातलं, पण हसू लपलं नाही. पाणी तपासणीच्या या खिडकीशी असं कधी कुणी बोललं नव्हतं. मी त्याला स्वच्छ बाटल्या दिल्या. सकाळी नळ सोडल्यावर येणारं पहिलंच पाणी भरायचं, हे सांगितलं.

पुढच्या सोमवारी तो सहा बाटल्या घेऊन आला. वस्तीतल्या कॉलेजच्या पोरापोरींना त्याने कामाला जुंपलं होतं.

“मोठी माणसं म्हणतात, मोर्चा काढू. मी म्हटलं, घोषणा नंतर. आधी आकडा! माणसाला हाकलता येतं, आकड्याला नाही.”

“हे कुठे वाचलंत?”

“तुमच्याकडे बघून सुचलं.”

आकडा आला. पाण्यात शिसं होतं, मर्यादेच्या चौपट. ते जुन्या नळांतून उतरत होतं, आणि नळ आमच्याच खात्याचे. साहेब म्हणाले, “घाई नको. बाहेर एक शब्द बोलायचा नाही. फेरतपासणी.” माझ्या सहीशिवाय अहवालाला किंमत नव्हती, आणि सही करण्याऐवजी मी शिक्का उचलला: ‘फेरतपासणी आवश्यक. तोपर्यंत पाणी उकळून प्यावे.’

त्याने ते वाचलं. “उकळतो. तुम्ही सांगताय म्हणजे विषयच संपला.”

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. उकळल्याने जंतू मरतात, शिसं जात नाही. वाफ होऊन पाणी आटतं आणि उरलेल्यात ते अधिकच दाट होतं. मी रसायनशास्त्र शिकले आहे. पण तसं सांगणं म्हणजे शिसं आहे, हे कबूल करणं होतं.

सोमवार येत राहिले. शिक्के पडत राहिले.

“एखादा मंगळवारही द्या की... चहाला?”

“बघू.”

“म्हणजे फेरतपासणी!” तो हसला. “हा शिक्का लग्नपत्रिकेवरही मारणार तुम्ही.”

“कुणाच्या?”

“तेच तर कधीपासून विचारतोय.”

मला उत्तर माहीत होतं. वाटलं, आधी अहवालाचं मिटू दे... मग सांगू.

चौथ्या महिन्यात तो बाटल्यांशिवाय आला.

“भाचीच्या रक्तात शिसं निघालं. चार वर्षांची आहे. ताई रोज वीस मिनिटं पाणी उकळायची. मीच सांगितलं होतं तिला. डॉक्टर म्हणाले, उकळून ते वाढतं. तुम्हाला... माहीत होतं?”

मी शिक्का खणात सरकवला. तो वळून निघून गेला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

नंतर बाटल्या येत राहिल्या. अचूक, नीट वेळ लिहिलेल्या. पण त्या वस्तीतल्या मुली आणायच्या.

त्या मुलामुलींनीच अर्जांवर अर्ज करून जाहीर सुनावणी मिळवली. सभागृहात त्यांनी टेबलावर चौसष्ट बाटल्या ओळीने मांडल्या. तो शेवटच्या रांगेत बसला होता, मांडीवर भाची. तिने माझ्याकडे बघून हात हलवला. त्याने नाही.

साहेब उठले. “आकडे प्राथमिक आहेत. आमच्या तज्ज्ञ बाईंचंही हेच मत आहे की फेरतपासणी —”

मी उभी राहिले.

“नाही, साहेब. फेरतपासणी नको. पाण्यात शिसं आहे. ते उकळून जात नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही. अहवाल आणा, सही करते.”