हिरवा झाला की घास

चिमीच्या पिंजऱ्यावरचा दिवा साडेनऊला हिरवा झाला आणि द्वारकाबाईंनी पहिलं द्राक्ष जाळीतून आत सरकवलं.

चिमी म्हणजे मार्मोसेट, दक्षिण अमेरिकेच्या जंगलातलं मुठीएवढं माकड. कानांवर कापसासारखे पांढरे झुपके आणि अंगापेक्षा लांब शेपूट. तासगावच्या पुढे, द्राक्षबागांच्या मधोमध सुहास कोरे यांनी परदेशी प्राण्यांचं छोटं उद्यान काढलं होतं. तिथे मकाव पोपट होते, इग्वाना नावाचे मोठे सरडे होते; पण शाळांच्या सहली रेंगाळायच्या त्या चिमीसमोर.

प्रत्येक प्राण्याच्या अंगावर नखाएवढी मनपट्टी चिकटवलेली असे. नाडीचे ठोके, श्वास आणि कातडीची ऊब मोजून ती प्राण्याच्या मनावरचा ताण ओळखायची आणि तसा पिंजऱ्यावरचा दिवा पेटायचा. हिरवा म्हणजे शांत, पिवळा म्हणजे बेचैन, लाल म्हणजे त्रासात. मनपट्टीशिवाय उद्यान उघडायचं नाही, असा सरकारी नियम येऊन तीन वर्षं झाली होती. लोक तिकीट काढण्याआधीच विचारत, "सगळे हिरवे आहेत ना?"

कोरेंकडे सगळे हिरवे असत. त्याचं श्रेय प्राण्यांना खाऊ घालणाऱ्या द्वारकाबाईंना होतं.

द्वारकाबाईंनी वीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून काढली होती. रडणाऱ्या पोराला त्यांनी कधी घास भरवला नाही. ठसका लागतो, आणि रडत खाल्लेलं अंगी लागत नाही, असं त्यांच्या सासूबाई सांगत. म्हणून पोर गप्प होईपर्यंत त्या वाटी हातात धरून शेजारी बसून राहायच्या. रागावणं नाही, ओरडणं नाही. हुंदके थांबले की पदरानं नाक पुसायचं आणि मग पहिला घास.

तीच रीत त्यांनी इथे आणली. दिवा लाल असेल तर ताटली धरून थांबायचं. सुरुवातीला चिमीला हिरवं व्हायला तासभर लागे. हळूहळू दहा आकडे मोजेपर्यंत काम होऊ लागलं. कोरेंना ही रीत इतकी आवडली की त्यांनी पाटीच रंगवून घेतली : 'हिरवा झाला की घास'. सहलीची पोरं श्वास रोखून दिव्याकडे बघत उभी राहायची आणि मग एकेक फोड द्यायची.

पण गेल्या महिन्याभरात चिमीच्या शेपटीचे केस झडले होते. वजन साठ ग्रॅमनी उतरलं होतं, आणि मुळात तिचं वजन होतं साडेतीनशे. म्हणून मिरजेहून पशुवैद्य डॉ. नौशीन मुल्ला यांना बोलावलं होतं.

"खाते का नीट?" त्यांनी विचारलं.

"ताटली चाटूनपुसून साफ करती," द्वारकाबाई म्हणाल्या. "दुखत-खुपत असतं तर दिवा बोलला नसता का? बघा की, हिरवागार हाय."

"तपासणीत एकदाही लाल नाही, डॉक्टर," कोरे म्हणाले. "तपासायला येतात ते साहेब चहासुद्धा न घेता सही करून जातात."

"आत्ता आपण तिघं समोर आहोत. कुणी नसताना काय असतो रंग?"

कोरे जरा घुटमळले. "कुणी नसताना दिवा लागतच नाही. समोर माणूस आला तरच पेटतो, आणि लोकांना पिंजऱ्यापाशी आम्ही खाऊच्या वेळीच सोडतो. बॅटरी वाचावी म्हणून मीच तशी सोय करून घेतली."

"पण पट्टी तर मोजत असते. मिनिटामिनिटाची नोंद आत साठते. ती उघडलीय कधी?"

कुणी उघडली नव्हती. कशाला उघडायची?

तिकीटघराबाहेरच्या बाकावर बसून डॉक्टरांनी नोंद पडद्यावर घेतली. एका दिवसाचा एक रंगीत पट्टा, असे पट्टे एकाखाली एक. सगळे लालभडक. मध्येमध्ये दोऱ्याएवढ्या बारीक हिरव्या रेघा होत्या, रोज चार, रोज त्याच जागी.

"साडेनऊ," डॉक्टर वाचू लागल्या. "मग बारा. दोनला काय असतं?"

"सहलीची पोरं," द्वारकाबाई म्हणाल्या. "आन् सव्वाचारला डिंक. बाभळीचा. तिला लई आवडतो."

त्यांचा आवाज शेवटी बारीक झाला होता. डॉक्टरांनी सांगायच्या आत त्यांना कळलं होतं.

"माकडाला स्वतःचे ठोके आवरायला शिकवता येतं," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "ठोके उतरले की खाऊ, न उतरले तर नाही, असं रोज केलं की शरीर शिकतं. दुःख कमी होत नाही. फक्त घास मिळेपर्यंत ते आत कोंडून धरता येतं. आणि कोंडून धरायला बळ लागतं, बाई. दिवसातून चार वेळा, तीन वर्षं."

"म्या न्हाई शिकवलं तिला."

"मुद्दाम नाही शिकवलंत."

द्वारकाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "आता काय करू ते सांगा."

"आता रंग बघायचा नाही. लाल असतानाच घास द्यायचा. रडली तरी चालतं, हे तिला कळू दे."

कोरेंनी दिवा कायम पेटता ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाई पिंजऱ्यासमोर आल्या तेव्हा तो लाल होता. त्यांनी लगेच द्राक्ष पुढे केलं. चिमीनं घेतलं नाही. मुठी आवळून, अंग चोरून ती बसून राहिली. दिवा पिवळा झाला, हिरवा झाला, आणि मगच तिनं हात पुढे केला.

"असू दे गं, असू दे," द्वारकाबाई पुटपुटत राहिल्या. "रड तू. मी देते."

तिसऱ्या दिवशी तेच, सहाव्या दिवशीही तेच. शिकवण्यापेक्षा विसरवणं अवघड जात होतं, आणि वजन रोज दोन-तीन ग्रॅमनी उतरत होतं.

नवव्या दिवशी दुपारी गाडीभर पाहुणे आले, फाटकातून लाल दिवा बघितला आणि आत न येताच परतले. कोरे झपाझप चालत पिंजऱ्यापाशी आले.

"बाई, निदान सहलीच्या वेळी त्या दिव्यावर फडकं टाका. लोकांना वाटतं, आपण छळतो यांना."

"टाकते की. पर मग आपल्यालाबी दिसायचं न्हाई."

कोरे तिथेच दगडावर बसले. माणूस वाईट नव्हता. चिमीचा वाढदिवस करायचा. "हिला एकटं वाटत असेल," थोड्या वेळानं ते म्हणाले. "जोडीला दुसरं आणू का? विकणारा ओळखीचा आहे."

"ते कुणाच्या घरातनं उचलून आणणार?"

कोरे उठले आणि तिकीटघराकडे निघाले.

त्या दिवशी सव्वाचारला द्वारकाबाईंनी डिंकाचा खडा तळहातावर ठेवून हात आत नेला. तपासायला परत आलेल्या डॉक्टर वजनाचा काटा लावत होत्या. चिमी फांदीवरून उतरली, थांबली. दिवा लाल होता. ती आणखी पुढे आली आणि लाल असतानाच तिनं खडा उचलला.

डॉक्टर हातातलं काम सोडून बघत राहिल्या. चिमीनं डिंक खाल्ला नाही. तोंड उघडून तिनं केसाएवढी बारीक, लांबलचक शीळ घातली. असा आवाज तीन वर्षांत द्वारकाबाईंनी ऐकला नव्हता.

"काय म्हणती?"

"हाक मारतेय. कळपापासून चुकलं की हे अशी शीळ घालतात. मी इथे आहे, तुम्ही कुठे आहात, एवढाच अर्थ. आणि यांची एक शिस्त असते. हाक मारली की पाचेक सेकंद थांबतात, समोरच्याला उत्तर द्यायला जागा ठेवतात. एकमेकांच्या बोलण्यावर बोलत नाहीत."

"हिच्यावानी दुसरी कुठं हायती?"

"बंगळूरजवळच्या आश्रयगृहात सहाजणांचं कुटुंब आहे. ते घ्यायला तयार आहेत. पण या वजनात प्रवास झेपणार नाही. महिनाभर तरी थांबावं लागेल." डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं. "महिना तिच्याकडे आहे का, ते मला सांगता येत नाही."

पलीकडच्या पिंजऱ्यात मकाव पोपट एकमेकांना चिकटून बसले होते. त्यांचा दिवा हिरवा होता. त्यांची नोंद अजून उघडायची होती.

चिमीनं पुन्हा शीळ घातली आणि ती थांबली. मान कलती, झुपकेदार कान ताठ, डोळे द्वारकाबाईंच्या तोंडाकडे. एक, दोन, तीन. द्वारकाबाईंनी ओठ उघडले. वीस वर्षं त्यांनी कितीक रडकी पोरं गप्प केली होती, पण उत्तर असं एकालाही द्यावं लागलं नव्हतं. चार. तिच्यासारखी शीळ घालून, इथे तिचं कुणी तरी आहे असं खोटं सांगावं, की गप्प राहून, कुणी नाही हे खरं?