निळ्या चौकड्यांचं अस्तर

समोरून शेजारच्या काकू येताना दिसल्या आणि ती पटकन कापडाच्या दुकानात शिरली.

काकू वाईट नव्हत्या. पण भेटल्या की हात हातात घेऊन "कसं गं पोरी झालं हे..." म्हणणार, आणि भर रस्त्यात हिचा बांध फुटणार. वडील जाऊन दोन महिने झाले होते. त्यांचे कपडे ती आत्ताच गरजूंना देऊन आली होती. एक निळ्या चौकड्यांचा सदरा मात्र तिनं आईच्या नकळत पर्समध्ये कोंबला होता.

"काय दाखवू?" काउंटरमागच्या तरुणानं विचारलं.

काहीतरी सांगणं भाग होतं. "पिशवी... पिशवीसाठी कापड."

"अस्तर लावणार?"

"हो."

"कसलं?"

का कोण जाणे, तिनं सदरा काढून समोर ठेवला. त्यानं कॉलरची घासलेली कड पाहिली, तिचा चेहरा पाहिला, आणि पुढे काही विचारलं नाही. मातकट रंगाचं जाड सुती कापड मोजून कापलं.

"शिवता येतं?"

"बटण लावता येतं."

"मग मी शिवून देतो. मागे मशीन आहे."

"नको. मीच शिवणार." स्वतःचा ठाम आवाज ऐकून तीच दचकली.

तो हसला. "दुपारी दोन ते तीन दुकानात कुणी फिरकत नाही. मी सांगेन, तुम्ही शिवा."

ती समोरच्याच वाचनालयात कामाला होती. जेवणाच्या सुट्टीत ती दुकानाच्या मागच्या खोलीत येऊ लागली. त्याला तिथं सगळे 'मीटर' म्हणत, कारण त्याचं माप सूतभरही चुकत नसे.

बाहेरच्या कापडाचे दोन तुकडे कापून झाले, खांद्याला अडकवायचे बंद शिवून झाले. सदऱ्यापाशी मात्र कात्री अडली. एक दिवस, दोन दिवस...

"भीती वाटते?" त्यानं हळूच विचारलं.

"कापला की हा सदरा राहणार नाही."

"नाही राहणार," तो म्हणाला. खोटा धीर दिला नाही, हेच तिला आवडलं. "मी आजोबांचा कोट जिवापाड जपला होता. कसरीनं खाल्ला."

ती हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. आणि मग तिनं सदरा कापला – खिसा तेवढा जसाच्या तसा ठेवून.

"सुईकडे बघा," ती मशीनवर बसल्यावर तो म्हणाला.

"सुईकडेच बघतेय."

"मग टाका माझ्याकडे का वळतोय?"

तिचे कान तापले. शिवण नागमोडी गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तो अस्तराची शिवण सरळसोट.

"ही कुणी घातली?"

"मी... काल संध्याकाळी. जरा वाकडी होती, म्हटलं—"

"वाकडी होती, पण माझी होती!" तिनं अस्तर खाली ठेवलं. "बाबांच्या कपड्याला पहिल्यांदा न रडता हात लावला होता मी."

ती तशीच निघून गेली. पाच दिवस तिकडे फिरकली नाही.

सहाव्या दिवशी तो वाचनालयात तिच्या टेबलासमोर उभा राहिला.

"कोणतं पुस्तक हवंय?" मान वर न करता तिनं विचारलं.

"पुस्तक नको. बोलायला सभासद व्हावं लागतं का?"

ती पुस्तकांवर शिक्के मारत राहिली.

"मी माझी शिवण उसवली. म्हटलं, तुमची होती तशी परत घालावी... जमेना. चार वेळा घातली." त्यानं हात टेबलावर टेकले. "घरी कुणाचं काही बिघडलं की मी गुपचूप नीट करून ठेवतो. आधी विचारायचं असतं... ते सुचतच नाही. चुकलं माझं."

तिनं वर पाहिलं. त्याच्या बोटांना सुई टोचल्याच्या खुणा होत्या.

"दोन वाजता येते," ती म्हणाली.

त्या दिवशी तिनं अस्तर पुन्हा शिवलं, खाली वीतभर जागा मोकळी सोडून. पिशवी आणि अस्तर यांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून तोंडाची शिवण घातली, तेव्हा हातात नुसतं गबाळं बोचकं उरलं.

"आता त्या मोकळ्या जागेतून सगळं बाहेर ओढा."

तिनं ओढलं. आधी एक बंद आला, मग कोपरा... आणि बघता बघता पिशवी झाली. मोकळी जागा तिनं हातानं टाके घालून मिटवली आणि अस्तर आत ढकललं. आत निळ्या चौकड्या, आणि त्यांवर बाबांचा खिसा.

तिनं खिशात हात घातला आणि ती रडली. आवाज न करता, पुष्कळ वेळ. त्यानं दुकानाचं दार लोटून घेतलं आणि समोरच्या स्टुलावर नुसता बसून राहिला.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले.

"उद्या दुकानाला सुट्टी ना?" तिनं विचारलं.

"हो."

"घरी या. आईला पिशवी दाखवायचीय. सदरा मी ठेवला, हे तिला ठाऊक नाही. एकटीनं सांगवणार नाही मला."

"येईन की. पण... काय म्हणून येऊ? शिवण शिकवणारा म्हणून?"

"नाही."

"मग?"

ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. मग सरळ त्याच्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "मला तू आवडतोस म्हणून."

बाहेर कुणीतरी दार वाजवलं. तो उठला नाही.

"किती वाजता येऊ..." तो म्हणाला, आणि क्षणभर थांबून, "सांग."